बांबूच्या बेटाखालचा उंदीर

बांबूच्या बेटातली एखादी हिरवी काठी काही कारण दिसत नसताना पिवळी पडू लागते आणि तिच्या बुंध्याशी ओल्या, भुसभुशीत मातीचा ताजा ढीग उठलेला दिसतो, तेव्हा मणिपूर, नागालँड किंवा मिझोरामच्या डोंगरांत राहणाऱ्या जाणत्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो. खाली बांबू उंदीर आहे आणि तो काठीच्या मुळाशी बसून जेवतो आहे. हा प्राणी आयुष्याचा बहुतेक काळ मातीखाली काढतो, त्यामुळे जंगलात वर्षानुवर्षे वावरणाऱ्यांनाही तो क्वचितच दृष्टीस पडतो. त्याच्या शरीराची ठेवण, त्याचे एकलकोंडे वागणे आणि त्याच्या पिलांची संख्या या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जमिनीखाली राहणे इतके महाग पडत असताना एखाद्या सस्तन प्राण्याला ते परवडते कसे?

आधी त्याची ओळख करून घेऊ. आशियात बांबू उंदरांच्या चार जाती आहेत. सर्वांत लहान आणि तांबूस रंगाची जात पूर्व नेपाळपासून ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार आणि थायलंडमार्गे व्हिएतनामपर्यंत आढळते. ब्रायन हॉजसन यांनी नेपाळमध्ये असताना १८४१ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. अंगावर पांढुरक्या टोकांचे केस असल्यामुळे धुरकट दिसणारी दुसरी जात ईशान्य भारतापासून दक्षिण चीनपर्यंत पसरलेली आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणारे एडवर्ड ब्लाइथ यांनी खासी टेकड्यांमधल्या नमुन्यावरून १८५१ मध्ये तिला नाव दिले. तिसरी जात प्रामुख्याने चीनमधली आहे. चौथी आणि सर्वांत मोठी जात म्यानमारपासून मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रापर्यंत राहते; तिचे वजन चार किलोपर्यंत जाते, म्हणजे घरातल्या मांजराएवढे. त्यामानाने लहान तांबूस जात अर्धा ते पाऊण किलोची असते.

नावात उंदीर असला तरी घरातल्या किंवा शेतातल्या उंदराशी त्याचे नाते बरेच दूरचे आहे. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशात राहणारे आंधळे मोल-रॅट, चीन, मंगोलिया व सैबेरियातले झोकोर आणि पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरचे मूळखाऊ उंदीर. हे सारे खणणारेच आहेत. या कुळाच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या उपखंडाच्या मातीतच जपला गेला आहे. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या थरांत, विशेषतः पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर, बांबू उंदरांच्या पूर्वजांचे दात आणि जबडे विपुल सापडले आहेत. आधीचे पूर्वज जमिनीवर वावरणारे होते, आणि सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या थरांपासून पुढे खणण्यासाठी घडलेल्या कवट्या दिसू लागतात. त्याच काळाच्या आसपास दक्षिण आशियाचे हवामान अधिक ऋतुबद्ध होऊ लागले होते. वर्षातले काही महिने वरचा पाला सुकू लागला की जमिनीखालच्या मुळांचे आणि कंदांचे मोल वाढते, आणि खणण्याकडे वळण्यामागे हे एक सबळ कारण असावे.

महाराष्ट्रात बांबू उंदीर नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मानवेलीची दाट बेटे आहेत आणि सह्याद्रीत कळक आहे, परंतु त्यांच्या मुळांशी हा प्राणी कधी भेटणार नाही, कारण त्याच्या पसाऱ्याची पश्चिमेकडची सीमा पूर्व हिमालयातच संपते. आपल्याकडच्या जंगलात बीळ करून राहणारा मोठा कृंतक, म्हणजे पटाशीच्या दातांनी कुरतडणारा प्राणी, म्हणजे साळिंदर. दोघांची तुलना केली, तर बीळ या गोष्टीचे दोन अगदी वेगळे उपयोग लक्षात येतात. साळिंदर बिळात दिवसभर विश्रांती घेते आणि रात्री बाहेर पडून कंद, साली, गळालेली फळे यांच्या शोधात लांबवर भटकते. सांबर-चितळांची गळालेली शिंगे आणि हाडे कुरतडून ते कॅल्शियम मिळवते, आणि त्यांचे तुकडे पुष्कळदा बिळाच्या तोंडाशी पडलेले आढळतात. त्याचे बीळ हा निवारा आहे. बांबू उंदराचे बीळ निवारा तर आहेच, शिवाय ते त्याचे शेतही आहे: तो अन्नाकडे जाण्यासाठीच खणतो, आणि म्हणून अन्न मिळेपर्यंत त्याला खणत राहावे लागते.

खणण्याला किती ऊर्जा लागते याची एक प्रसिद्ध मोजणी आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गोफर नावाच्या खणणाऱ्या कृंतकावर केलेला हा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीच्या प्रकारानुसार, ठरावीक अंतर जमिनीवरून चालत जाण्यापेक्षा तेवढेच अंतर खणत जाण्यासाठी ३६० ते ३४०० पट अधिक ऊर्जा खर्च होते, असे त्यात दिसून आले. बांबू उंदीर वेगळ्या कुळातला असला तरी माती कापणे, ती मागे सारणे आणि बिळाबाहेर ढकलणे हे काम त्यालाही तसेच करावे लागते. त्यामुळे खणणाऱ्या प्राण्याला अन्न शोधत आंधळेपणाने कोठेही जाणे परवडत नाही. एका ठिकाणी पोहोचल्यावर बराच काळ पुरेल एवढा साठा तेथे मिळायला हवा.

बांबू नेमकी हीच सोय करतो. बांबू हे गवत आहे, आणि त्याची खरी संपत्ती जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडात, म्हणजे मूलक्षोडात असते. या मूलक्षोडातून एकामागून एक कोंब फुटत राहतात, त्यांच्याभोवती मुळांचे दाट जाळे असते, आणि हे सारे वर्षाचे बाराही महिने एकाच जागी उपलब्ध राहते. एखादे बेट गाठण्यासाठी केलेला खणण्याचा खर्च कितीतरी महिन्यांच्या जेवणातून वसूल होतो. बेटातले खाणे संपत आले, की उंदीर ती जागा सोडून दुसऱ्या बेटाखाली नवे बीळ करतो. मलाय द्वीपकल्पातली मोठी जात रात्री बाहेर येऊन बांबूच्या काठ्याही कापते आणि तुकडे बिळात ओढून नेते. शेत जवळ असेल तर ऊस आणि टॅपिओकाचे कंदही तिला चालतात.

असे असले तरी बांबू हे सोपे खाद्य मुळीच नव्हे. त्याच्या पेशींत वाळूसारखी कठीण सिलिका असते, जी दात झिजवते. त्यात चोथा भरपूर आणि पोषण बेताचे असते, आणि कच्च्या कोंबांत तर सायनाइड सोडणारे द्रव्य असते. म्हणूनच माणसे बांबूचे कोंब चिरून, उकळून, पाणी टाकून देऊन मगच खातात. चोथ्याचा प्रश्न हा प्राणी इतर पालेखाऊ कृंतकांप्रमाणे आतड्याच्या एका मोठ्या पिशवीच्या, म्हणजे उंडुकाच्या, मदतीने सोडवतो. तेथे वस्तीला असलेले सूक्ष्मजीव चोथा आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्ले शरीराला ऊर्जा देतात.

दातांची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण बांबू उंदराचे पटाशीचे दात हे त्याचे जेवणाचे आणि खणण्याचे, दोन्हींचे साधन आहे. तोंड मिटलेले असतानाही हे दात बाहेर दिसतात आणि त्यांचा रंग गडद नारिंगी असतो. हा रंग घाणीचा नसून दाताच्या पुढच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, मिसळलेल्या लोहाचा आहे. लोहामुळे ते आवरण अधिक टणक होते आणि आम्लाला दाद देत नाही. इनॅमलचा हा थर फक्त दाताच्या पुढच्या बाजूला असतो आणि मागची बाजू त्यामानाने मऊ अशा डेंटिनची असते. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची कमी झिजते, आणि त्या फरकामुळे दाताला आपोआप तिरकी धार येत राहते. मुळाकडून दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे झीज भरून निघते. हे दात चालवण्यासाठी जबड्याचे स्नायू प्रचंड असावे लागतात, आणि त्या स्नायूंना धरायला जागा हवी म्हणून कवटी रुंद व जाड झालेली असते. या प्राण्याचे डोके त्याच्या धडाच्या मानाने इतके मोठे का दिसते, याचे उत्तर येथे मिळते.

खणताना तो कडक माती आणि आड येणारी मुळे दातांनी तोडतो, सुटलेली माती पुढच्या पायांच्या नख्यांनी पोटाखाली ओढतो आणि मागच्या पायांनी मागे फेकतो. मागे पुरेशी माती साठली, की तिला बाहेर लोटतो आणि तिचा ढीग बिळाच्या तोंडाशी होतो. आत गेल्यावर तो बहुधा बिळाचे तोंड मातीने बुजवून टाकतो. या बुचामुळे साप आणि मुंगसासारखे शिकारी बाहेर राहतात, आतला ओलावा टिकतो, आणि वरून पाहणाऱ्याला बीळ रिकामे आहे की नांदते आहे हेही सांगता येते: बूच ताजे असेल तर मालक घरात आहे. आतल्या बाजूला बांबूचा चुरा आणि तंतू पसरलेली घरट्याची जागा असते, आणि तेथून खाण्याच्या दिशेने बोगदे फुटतात. जमिनीच्या पृष्ठभागापासून हातभर खाली दिवसाच्या उन्हाचा आणि रात्रीच्या थंडीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे हवामानाचा त्रास आत फारसा पोहोचत नाही.

परंतु बुजवलेल्या बिळात एक वेगळा त्रास उभा राहतो, तो हवेचा. प्राण्याच्या श्वासाने ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, हे तर उघड आहे; पण मातीतली मुळे आणि जीवाणूही श्वसन करतात, आणि पावसाळ्यात मातीच्या कणांमधली छिद्रे पाण्याने भरली की बाहेरची ताजी हवा आत झिरपणेही थांबते. ईशान्य भारतासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात ही अडचण महिनोन्महिने टिकत असणार. याच कुळातल्या आंधळ्या मोल-रॅटवर प्रयोगशाळेत झालेले काम या बाबतीत फार बोलके आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो ३ टक्क्यांवर आणला असता पांढरे उंदीर दोन-तीन तासांत दगावले, तर मोल-रॅट १४ तासांपर्यंत तग धरून राहिले. बांबू उंदीर इतक्या टोकाला गेलेला नाही, कारण तो अधूनमधून बाहेरही येतो. खणणाऱ्या प्राण्यांचा एक सर्वसाधारण गुण असा, की त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याच आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी लागतो, आणि दमट, वारा नसलेल्या बिळात शरीर फाजील तापण्याचा धोकाही टळतो.

ज्ञानेंद्रियांवरही मातीचा ठसा आहे. बांबू उंदराचे डोळे लहान आहेत पण चालू आहेत. कान आखूड आहेत, आणि लहान तांबूस जातीत तर ते केसांतच लपतात. आंधळ्या मोल-रॅटचे डोळे मात्र पूर्णपणे कातडीखाली गेलेले असतात. बोगद्यात उंच पट्टीचा आवाज लवकर विरतो आणि खर्जातला आवाज दूर जातो. मोल-रॅटच्या बोगद्यांत केलेल्या मोजणीत ४४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सर्वांत चांगला पोहोचतो असे आढळले. त्यामुळे खणणाऱ्या कृंतकांचे कान खर्जातल्या आवाजांना अधिक जुळलेले असतात. दातओठ खाणे हा शब्दप्रयोग बांबू उंदराने अक्षरशः खरा केला आहे: कोंडीत सापडला की तो दात कराकरा घासतो, गुरगुरतो आणि समोरच्याच्या अंगावर धावून जातो, व त्याचा चावा खोल जातो.

एका बेटातले खाणे एकाच प्राण्याला पुरेल एवढे असेल, तर शेजारी परवडत नाही. म्हणून प्रौढ बांबू उंदीर एकटा राहतो आणि जोडी जमते ती केवळ मीलनापुरती. पिले केसाविना, डोळे मिटलेल्या अवस्थेत जन्मतात आणि त्यांची संख्या साधारण एक ते पाच असते. लहान तांबूस जातीत गर्भावधी सुमारे ४० दिवसांचा, म्हणजे घरातल्या उंदराच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि पिले आईजवळ कित्येक आठवडे राहतात. सुरक्षित बिळात राहणाऱ्या प्राण्याची फारशी शिकार होत नाही, त्यामुळे थोडीच पिले पुरतात.

या संथ प्रजननामुळे एक रूढ गैरसमज दूर करता येतो. मिझोराममध्ये मौताक नावाचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलतो, फळतो आणि मरतो. त्या घटनेला मौताम म्हणतात. १९५८-५९ मध्ये आणि पुन्हा २००६-०७ च्या सुमारास हे घडले, आणि दोन्ही वेळा उंदरांच्या झुंडींनी भातशेती फस्त केली. १९५९ च्या दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष निघाला, आणि पुढची वीस वर्षांची बंडाळी व १९८६ चा करार हा सारा इतिहास त्यानंतरचा आहे. ज्यांनी हे नुकसान केले ते बांबू उंदीर होते, असे पुष्कळांना वाटते, आणि ते चुकीचे आहे. ते काळे उंदीर होते, ज्यांचा गर्भावधी तीन आठवड्यांचा असतो, ज्यांना एका वेळी सहा-आठ पिले सहज होतात आणि जे बियांवर जगतात. एकदम पडलेल्या फळांच्या सड्यावर अशा प्राण्याचीच संख्या स्फोटासारखी वाढू शकते. बेट मरते तेव्हा बांबू उंदराचे तर जेवणाचे ताटच उचलले जाते. इतकी वर्षे थांबून एकदम फळण्यामागचे कारण अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये मांडले: फळे इतकी पडतात की खाणाऱ्यांचे पोट भरूनही काही बिया उरतात.

माणसाच्या दृष्टीने बांबू उंदीर हे फार जुने मांस आहे. ईशान्य भारत, म्यानमार, लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनमध्ये तो आवडीने खाल्ला जातो. त्याची शिकार सोपी आहे, कारण तो एका जागी राहतो आणि मातीचा ढीग त्याचा पत्ता सांगतो. बीळ खणून, त्यात पाणी ओतून किंवा धूर करून त्याला बाहेर काढतात. चीनमध्ये गेल्या काही दशकांत त्याची शेतीच उभी राहिली. अंधाऱ्या शेडमध्ये सिमेंटचे छोटे खण करून प्रत्येकात प्राणी वेगळा ठेवायचा आणि त्याला बांबू व उसाचे तुकडे घालायचे, अशी ती पद्धत होती. वेगळे खण करावेच लागत, कारण एकत्र ठेवलेले प्रौढ प्राणी एकमेकांना गंभीर जखमा करतात. दक्षिण चीनमधल्या गुआंगशी प्रदेशातल्या अनेक गरीब कुटुंबांना या व्यवसायाने हात दिला होता. २४ फेब्रुवारी २०२० रोजी, कोविडच्या साथीत, चीनने जमिनीवरचे वन्य प्राणी खाण्यावर सरसकट बंदी घातली. त्यात पाळून वाढवलेले प्राणीही आले आणि बांबू उंदरांची शेती बंद झाली. ज्या शेतकऱ्यांना सरकारी यंत्रणेनेच आधी या धंद्याकडे वळवले होते, त्यांचे दुःख खरे होते. तरीही रोगाच्या दृष्टीने विचार केला तर हा प्राणी निर्धोक नव्हता, असे मला वाटते, आणि त्याचे कारण कोविडपेक्षा पुष्कळ जुने आहे.

व्हिएतनाममधल्या दालात या डोंगरावरच्या गावी पाश्चर संस्थेची प्रयोगशाळा होती. तेथे प्रयोगासाठी ठेवलेल्या एका चिनी बांबू उंदराच्या यकृतात १९५६ मध्ये एक अनोळखी बुरशी सापडली. इंडोचायनातल्या पाश्चर संस्थेचे संचालक ह्युबर्ट मार्नेफ यांच्या नावावरून तिला मार्नेफी हे नाव देण्यात आले, आणि आता ती टॅलरोमायसिस मार्नेफी म्हणून ओळखली जाते. तिचा अभ्यास करणारे गॅब्रिएल सेग्रेतँ यांना काम करताना चुकून सुई टोचली आणि त्यांच्या बोटाला संसर्ग झाला. माणसातला हा पहिला नोंदलेला संसर्ग ठरला. या बुरशीचे वैशिष्ट्य असे, की सुमारे २५ अंश सेल्सियसला, म्हणजे मातीच्या तापमानाला, ती तंतूंच्या रूपात वाढते आणि भोवतालच्या माध्यमात लाल रंग सोडते, तर ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, ती यीस्टचे रूप घेऊन पेशींच्या आत वाढू लागते.

निरोगी माणसाला तिच्यापासून सहसा धोका नसतो. परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियात एचआयव्ही पसरला, रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांची संख्या वाढली आणि ही दुर्मिळ बुरशी उत्तर थायलंड, व्हिएतनाम व दक्षिण चीनमध्ये जीवघेण्या आजाराचे कारण बनली. भारतात ती मणिपूरमध्ये आढळली, आणि तेथल्या लहान तांबूस बांबू उंदरांच्या अवयवांतही तीच बुरशी मिळाली. उंदराकडून माणसाकडे ती थेट येते, असा समज मात्र घाईचा ठरेल. दोघेही एकाच मातीत वावरतात, पावसाळ्यात रुग्ण वाढतात, आणि बीजाणू श्वासातून फुप्फुसात जात असावेत, असे मानण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. बीळ खणताना आयुष्यभर मातीच्या धुळीत श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या शरीरात ती सापडणे स्वाभाविकच आहे.

वैद्यकीय अडचण अशी, की दीर्घकाळचा ताप, वजन घटणे, खोकला आणि सुजलेल्या गाठी ही लक्षणे क्षयरोगासारखीच असतात, त्यामुळे रुग्णाला क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे आठवडे वाया जातात. चेहऱ्यावर व छातीवर उठणारे, मध्ये खळगी असलेले फोड ही त्यातल्या त्यात उपयोगी खूण आहे. ईशान्येतून शिक्षणासाठी किंवा कामासाठी मुंबई-पुण्यात आलेल्या, अथवा ईशान्येत नोकरी करून परतलेल्या एचआयव्हीग्रस्त रुग्णाला क्षयाच्या औषधांनी उतार पडत नसेल, तर तो कोठे राहिला होता हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे. निदान वेळेवर झाले, तर उपचार उपलब्ध आहेत. व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४० रुग्णांच्या चाचणीत शिरेतून दिलेल्या ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाने उपचार सुरू केलेल्या गटात २४ आठवड्यांत सुमारे ११ टक्के रुग्ण दगावले, तर इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्यांनी सुरुवात केलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते.